भट्टीच्या जागेवरचा दगड

“वाच मोठ्यानं. तुझ्या लोकांना कळू दे, मी काय केलंय ते.”

कोळशाच्या ठेकेदाराने, आमच्या शेठने, मला खांद्याला धरून नव्या दगडासमोर उभे केले. डोळखांबच्या रानातल्या त्याच्या भट्ट्या दुसरे महायुद्ध संपल्यावर बंद पडल्या. तिथे मेलेल्यांसाठी हा दगड. पाड्यात वाचता येणारा मी एकटा. शहापूरच्या वसतिगृहात मला जागा मिळाली ती शेठच्या चिठ्ठीवर. तो उपकार मी आजही नाकारत नाही.

मी वाचले. “स्वतःच्या निष्काळजीपणाने मृत्यू पावलेल्या मजुरांच्या स्मरणार्थ.” खाली शेठचे नाव. मेलेल्यांचे एकही नाही.

त्यांत माझी आय होती.

युद्धात पेट्रोल मिळेना. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या, कोळशाला मागणी वाढली आणि शेठला घाई झाली. भट्टी म्हणजे रचलेली लाकडे, वर पाला, त्यावर माती. आतले लाकूड जळून बसले की वरची माती खचते. तिथे चढून नवी माती टाकायची. अंगाने हलक्या म्हणून बायकांना चढवत. धूर पांढरा असेपर्यंतच. निळा झाला की आत पोकळी. मग कोणी पाय ठेवत नसे.

त्या दिवशी आय म्हणाली, “धूर निळा झालाय, शेठ. मी नाय चढत.”

“मला भट्टी शिकवतेस? चढ गो!”

ती चढली. मातीची पाटी मीच वर दिली. माती खचली. तिचा हात दिसला. मग तोही नाही.

दगडाच्या अक्षरांवरून बोट फिरवत बा म्हणाला, “तिचं नाव कुठं हाय रे?”

“नाय, बा. आपल्याच चुकीनं मेली, असं लिवलंय.”

मागून एक म्हातारी पुटपुटली, “शेठच्या नाकाला धूर कवा लागलाच नाय, त्याला काय ठावं!”

बाने बोट काढून घेतले आणि शेठला रामराम केला. तो रामराम मला सहन झाला नाही.

शेठने कागद पुढे केला. “आता आभार वाच.”

“नाय वाचणार.”

“वसतिगृहात कुणामुळं आहेस, विसरलास?”

“नाय विसरलो. आयला कोणी चढवलं, तेही नाय विसरलो.”

वसतिगृह सुटले. एका मास्तरांनी घरी ठेवून घेतले, म्हणून मी बी. ए. झालो. पुढे तो दगड हटवावा म्हणून सरकारी कचेरीत अर्ज केला. उत्तर आले, दगड खासगी जागेत आहे. दगड अजून उभा आहे. तो मला हलवता येत नाही.

पण शिक्षणाच्या बदल्यात माझी खोटी साक्ष कोणाला मिळणार नाही. आय चुकली नव्हती. तिला शेठने चढवले.