वृंदाताईंना मिळालेले तीन मार्क

वृंदाताई केळुसकर आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या यजमानांची, श्यामकांतरावांची, बँकेतली बदली त्यांना नाशिकहून कोलकात्याला घेऊन आली, तेव्हा दोन-तीन वर्षं काढू आणि परत जाऊ, असं ठरलं होतं. पण आम्ही राहतो त्या डमडममधल्याच एका इंग्रजी शाळेत ताईंना गणित शिकवायची नोकरी लागली, मुलगा इथेच कॉलेजात गेला, आणि परतीचं कुणी नावच काढेना.

मी नवीन नवीन इथे आले तेव्हा रविवारी दुपारी त्यांच्याकडे चहाला जायचे. जेवणाचं टेबल सातवीच्या वह्यांनी भरलेलं असायचं. चुकलेल्या गणितावर नुसती काट मारून ताईंचं समाधान व्हायचं नाही. समासात तेच गणित पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवायच्या, लाल शाईत, छापल्यासारख्या अक्षरात.

"ताई, वही मुलांची आहे की तुमची?" मी एकदा विचारलं.

त्या हसल्या, पण पेन काही थांबलं नाही. खरं दुखणं त्यांनीच मग सांगितलं. मुलं वही उघडतात, मार्क बघतात, शेजाऱ्याचे मार्क बघतात आणि वही मिटतात. पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा हजर.

"अहो, मी एवढं लिहिते ते कुणी वाचतच नाही," त्या श्यामकांतरावांना म्हणाल्या.

"मग लिहू नकोस," ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

"वा! न लिहून कसं चालेल?"

त्या वर्षी फेब्रुवारीत शाळेत मातृभाषा दिनाचा कार्यक्रम होता. मुख्याध्यापिकांनी बंगाली नसलेल्या शिक्षकांना गळ घातली, की प्रत्येकाने चार ओळी तरी बंगालीत बोलाव्यात. ताईंचं बंगाली मासळीबाजारात पाबदा आणि ट्यांगरा पारखून घेण्यापुरतं उत्तम होतं. व्यासपीठावर ते कितपत टिकेल याची शंकाच होती. पण मूळच्या मालवणच्या, हार मानणाऱ्या नव्हेत. या शहरात आल्यावर पहिल्यांदा काय काय पाहिलं, यावर त्यांनी छोटंसं भाषण देवनागरीत लिहून काढलं आणि ते घेऊन सातवीच्या वर्गात गेल्या.

"रोज मी तुम्हाला तपासते. आज तुम्ही मला तपासा," त्या म्हणाल्या.

वर्गाला असा आनंद वर्षातून एखाद्याच वेळी होत असेल. दुसरी ओळ संपायच्या आत बाकं वाजायला लागली. भाषण संपलं तसा ऋषभ नावाचा एक धीट मुलगा उठला, त्याने लाल खडू उचलला आणि फळ्यावर दहापैकी तीन असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या, थेट ताई ओढतात तशा. मग सगळा वर्ग एकदम त्यांचे उच्चार सुधारायला लागला. "सकाल नाही, शॉकाल, मॅडम, शॉकाल!" "वसंत नाही, बॉशोन्तो!" ताईही हसल्या. पण घरी आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"चैत्राली, मुलं बरोबर काय ते ओरडून ओरडून सांगत होती गं," त्या मला म्हणाल्या, "पण एक शब्द डोक्यात शिरला नाही. मी आपली त्या तिनाकडे बघत राहिले. कान नुसते तापले होते."

मी म्हटलं, "मुलांची गंमत ती, सोडून द्या." त्यांनी मान हलवली, पण चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांच्या वर्गातली तियाशा स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. ही मुलगी गणितात कायम मागे. वर्गात तोंड उघडायची नाही, वही परत घेताना ताईंकडे बघायचीही नाही. आज मात्र तिने सरळ बघितलं.

"मॅडम, तुमचं सगळं चुकत नाही," ती म्हणाली. "एकच गोष्ट चुकते. ती पुष्कळ ठिकाणी येते, म्हणून सगळंच चुकल्यासारखं वाटतं."

"कुठली गं?"

तिने लगेच सांगितलं नाही. "गणिताला बंगालीत काय म्हणतात ते म्हणा."

"अंक."

"आता माझं ऐका. ऑन्को. माझं तोंड बघा, गोल होतं की नाही?"

ताईंनी तोंड गोल केलं. "ऑन्को."

"आता पाणी. तुम्ही जल म्हणता."

"जॉल?"

"आणि गरम?"

हे कुणी सांगितलेलं नव्हतं. "गॉरोम?" त्यांनी भीतभीत विचारलं, आणि तियाशाने टाळ्या वाजवल्या.

"बाकीच्या चुका?" ताईंनी विचारलं.

"त्या नंतर. आधी ही पक्की होऊ दे."

कार्यक्रमात ताईंचं भाषण झालं. 'स'चा 'श' करायचा बऱ्याच ठिकाणी राहून गेला, लोक गालात हसले, पण सगळ्यांना सगळं समजलं. घरी आल्या आल्या ताईंनी गठ्ठ्यातून तियाशाची वही ओढली. पानभर लाल शाई, दहापैकी दोन. त्यांनी ती पानं शांतपणे, जणू दुसऱ्याच कुणी तपासली आहेत अशी वाचली. चारही गणितांत चूक एकच होती. कंसाबाहेरचं वजा चिन्ह ती आतल्या पहिल्या पदाला लावत होती आणि दुसऱ्याला सोडून देत होती. बाकी बेरीज, गुणाकार, मांडणी, सगळं ठीक.

"अहो, ह्या पोरीचं सगळं चुकतच नव्हतं," त्या श्यामकांतरावांना म्हणाल्या. या वेळी त्यांनी पेपर खाली ठेवला.

नव्या गृहपाठाखाली ताईंनी मार्क लिहिले नाहीत, उत्तरही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं, "कंसाबाहेरचं वजा आत कुणाकुणाला भेटतं, ते पुन्हा बघ." प्रत्येक वहीत अशी एकच ओळ. दुसऱ्या दिवशी वह्या वाटल्या आणि तासाची सुरुवातीची दहा मिनिटं दुरुस्तीसाठी मोकळी सोडली. आधी मुलांनी मार्क शोधले. ते सापडेनात, तेव्हा ओळ वाचली. मग खोडरबरांचे आवाज यायला लागले.

तियाशा वही घेऊन जवळजवळ धावतच टेबलापाशी आली. "मॅडम, दुसऱ्यालाही भेटतं!"

हे सांगताना ताई माझ्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "तुझ्या फोडणीचा धूर फार होतो बाई."

पालकसभेत मात्र व्हायचं ते झालं. ऋषभचे वडील म्हणाले, "वहीत मार्कच नाहीत. मुलगा कुठे आहे ते आम्हाला कळणार कसं?" ताईंनी त्यांना वही उघडून दाखवली: इथे चुकला होता, ही सूचना, हे त्याने स्वतः सुधारलेलं. त्यांनी सगळं लक्ष देऊन पाहिलं आणि विचारलं, "छान आहे. पण मार्क?" शेवटी मुख्याध्यापिकांनी तोडगा काढला. चाचणीला मार्क नेहमीसारखे, रोजच्या वहीत ताईंची पद्धत. "त्यांचंही बरोबर आहे," ताई मला म्हणाल्या. "आकडा बघितल्याशिवाय मला तरी कुठे चैन पडायचं?"

तियाशा काही वर्गात पहिली आली नाही. वार्षिक परीक्षेत मध्यम मार्कांनी पास झाली, आणि दशांश चिन्ह अजून तिला छळतं. पण आता ती हात वर करून, "माझं नेमकं कुठे अडलं?" असं विचारते.

वर्ष संपताना, सुट्टी लागण्याआधी ताईंनी वर्गाला आणखी एक प्रश्न विचारला. माझ्या शिकवण्यातली कुठली एक गोष्ट सुधारू? या वेळीही ऋषभच उठला.

"मॅडम, आम्ही विचार करत असतो, आणि तेवढ्यात तुम्ही उत्तर सांगून टाकता."

त्या संध्याकाळी ताई घुश्श्यात होत्या. "मदतच करते ना मी? आता मदत करणंही चुकलं!"

"मलाही कुठे वाक्य पुरं करू देतेस," श्यामकांतराव म्हणाले, आणि पटकन फिरायला निघून गेले.

नव्या वर्षात त्यांच्याकडे नवी सातवी आली आहे. प्रश्न विचारून झाला की ताई ओठ घट्ट मिटतात आणि खिडकीशी जातात. तिथून विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात. पुढचं विमान दिसेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा त्यांनी नियम केला आहे.

"पण विमानं काही आपल्या सोयीने येत नाहीत गं," परवा मला म्हणाल्या. "कधीकधी फार वेळ गप्प बसावं लागतं."