सरांचे चिंचोके

माझं अक्षर वाकडं आहे आणि लिहिताना चुका होतात. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

मी गावच्या शाळेत खिचडी शिजवते. नागरिकशास्त्राचे सर शहाद्याहून एसटीने येतात. उतरले तरी त्यांचं कंडक्टरशी बोलणं संपलेलं नसतं. खिशात कायम चिंचोके खुळखुळतात. शनिवारी ते वर्गाची ग्रामसभा भरवतात. प्रत्येकाला तीन चिंचोके मिळतात. एकदा बोललं की एक डब्यात टाकायचा, संपले की नुसतं ऐकायचं. अशाने गप्प पोरं बोलती होतात का, हे त्यांना पाहायचं असतं. पण सर्वांत आधी सरांचेच संपतात. मग पोरं ओरडतात, "सर, तुमना सरनात! आते गप बसा!" सर तोंडावर हात ठेवून हसतात.

एका शनिवारी त्यांनी मलाही तीन दिले. व्हरांड्याच्या सावलीत सगळी पोरं मावत नाहीत, म्हणून दुपारी जेवायला कुठे बसायचं, हा विषय होता. पाड्यावरची कधीच न बोलणारी मुलगी उठली आणि तिच्या पावरी बोलीत काही बोलली. कुणाला कळलं नाही, पोरं हसली. सरांचे चिंचोके संपले होते. ते माझ्याकडे बघत राहिले. पाड्यावरच्या बायांबरोबर शेतात मजुरी करता करता मला पावरी समजू लागली आहे. मी एक चिंचोका डब्यात टाकला.

"ती म्हणी ऱ्हायनी, आम्हले रोज उनमा बसनं पडस. पंगत फिरवा."

सगळे हात वर झाले.

आता उन्हाची पाळी सगळ्यांना येते. पहिली सरांनी घेतली, घाम पुसत आणि अखंड बोलत. माझे उरलेले दोन चिंचोके मिठाच्या डब्याजवळ ठेवलेत. येत्या शनिवारी लागतील.