खोळ घालता न येणारा माणूस

ते प्रकरण आठवलं की आजही डोळ्यांपुढं आधी धुकं येतं, माणसं मागून.

नव्वदच्या दशकातला श्रावण. मी जुन्नरला फौजदार होतो. दुपारी घाटघरहून निरोप आला: एका म्हातारीच्या डोक्यात मागून दांडकं घालून गळ्यातली सोन्याची माळ ओढून नेली, आणि चोर गावकऱ्यांनी धरून ठेवलाय. चोर आयता मिळाला म्हणून मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. वर जाताना रस्ता, खाचरं, झाडं सगळं पांढऱ्यात विरत गेलं. जीपपुढं रस्ता दाखवत चालणारे हवालदार दोन पावलांवर नाहीसे होत आणि त्यांचा आवाज भलतीकडूनच येई. आपण झोपेत चाललोय असं मला वाटत होतं.

माणूस देवळाच्या खांबाला बांधलेला होता. विशीपंचविशीचा, ओठ फुटलेला, अंगावर काळी घोंगडी.

"सायेब, म्हातारीनं पळणारा पाठमोरा बघितला. घोंगडीवालाच व्हता," पोलीसपाटील म्हणाले. "आन् ह्यो आमच्यातला न्हाई. मग आनखी काय पायजे?"

त्या मुलखात पावसाळ्यात तोंडं दिसतच नाहीत. लांबून येणारा माणूस घोंगडीवरूनच ओळखायचा, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मीही ती मुकाट्यानं मान्य केली.

ठाण्यात चौकशी सुरू झाली आणि पंचाईत झाली. त्याला मराठी येत नव्हती, हिंदी येत नव्हती. तो हळू आवाजात, गाणं म्हटल्यासारखं काहीतरी बोलत राही आणि आमच्या तोंडाकडं बघे. झडतीत माळ मिळाली नाही. स्टेशन डायरीत 'अनोळखी इसम' एवढंच लिहिलं. उद्या कोर्टापुढं उभा केला असता, तर स्वतःच्या बाजूनं एक शब्दही बोलता न येणारा तो माणूस सरळ तुरुंगात गेला असता.

मुद्देमाल सील करण्याआधी पंचनाम्यात वर्णन हवं म्हणून मी त्याला खुणेनं घोंगडी अंगावर घ्यायला सांगितली. त्यानं ती लग्नातल्या शालीसारखी खांद्यावर पांघरली. माझे हवालदार तळेघरकडचे, लहानपणापासून भातलावणी केलेले. ते लिहिता लिहिता थांबले.

"सायेब, ह्याला खोळ घालता येत न्हाई."

"म्हणजे?"

"टोक दुमडून डोक्यावर टोपडं करत्यात, ती खोळ. आमच्याकडं पाच वर्साच्या पोरालाबी येती. अशी खांद्यावर घिऊन पावसात कोन हिंडंल राव?"

आम्ही तसेच घोंगडी घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. म्हातारीच्या डोक्याला पट्टी होती, पण ती शुद्धीवर होती. मी विचारलं, "आजी, पळणाऱ्यानं घोंगडी कशी घेतली होती?"

"कशी म्हंजी? खोळ व्हती की डोक्यावर."

मी घोंगडी तिच्या मांडीवर ठेवली. ती काठावरून बोटं फिरवू लागली. एका ठिगळापाशी बोटं थांबली आणि कितीतरी वेळ तिथंच राहिली. मग ती भिंतीकडं बघत बोलली.

"ह्ये ठिगाळ मीच लावलंय. माज्या दिराच्या पोराची हाये ही."

"आजी, नीट विचार करून सांगा. तो तुरुंगात जाईल."

"आई मेली त्याची, तवापास्नं मी वाडवलाय त्याला. मला काय कळत न्हाई का?" तिचा आवाज फाटला. "पर त्या बांधलेल्या पोरालाबी कुनीतरी वाडवलंच आसंल की."

मी एवढी वर्षं नोकरी केली, पण अशी साक्ष पुन्हा ऐकली नाही. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला मी कागद चाळत बसलो.

पुतण्यानं सकाळी कबुली दिली. माळ भाताच्या कणगीत सापडली.

अनोळखी इसमाची भाषा मात्र नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरायला आलेल्या ओरिसाकडच्या एका ट्रकवाल्याला कळली. मजुरांच्या टोळीतून चुकून हा मागं राहिला होता आणि दोन दिवस डोंगरात वाट शोधत होता. ट्रकवाला म्हणाला, "साब, ये बोलता है, धुंध में एक आदमी दौड़ता आया, इसके ऊपर कंबल डाला और चला गया. इसको लगा, ठंड देखके दिया." म्हणजे आपल्या गळ्यात गुन्हा टाकून गेलेल्या माणसाला तो मनातून दुवा देत होता.

चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात. ती आम्ही जवळजवळ दिलीच होती. माणूस परका आणि त्यात मुका ठरला, की पुरावा आपोआप जमतो. तपासात सगळ्यात आधी संशय धरावा तो अशा जमलेल्या पुराव्याचा, हे मी तिथं शिकलो.

एक गोष्ट डायरीत नाही, ती इथं लिहितो. पहिल्या संध्याकाळी, तो मुद्दाम मराठी बोलत नाही असं समजून, मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या होत्या. त्याला ट्रकमध्ये बसवताना माफी मागायची होती, पण त्याच्या भाषेतला एक शब्दही मला येत नव्हता. म्हणून मी नमस्कार करायला हात उचलले. त्यानं डोळे मिटले आणि चेहरा वाचवायला दोन्ही हात आडवे धरले.