सावधान नृत्य, व्हाया रहिमतपूर

लेकाचं लग्न ठरलं आणि आमच्या ह्यांनी जाहीर केलं, "मी आक्षता टाकणार आन सरळ घरी. वरातीचं नाव काढायचं न्हाई."

आमचे हे म्हणजे रिटायर सुभेदार. यात्रेत हलगी वाजली की गावात पहिले ह्यांचे पाय उठायचे. गेल्या वर्षी लकव्याचा झटका आला. तेव्हापासून डावा पाय ओढत चालतात आणि चारचौघांत जायचंच सोडलंय. लेक म्हणाला, "आई, आबा नाचणार न्हाईत तर वरात काढायचीच कशाला?" लेकाची वरात दारात आणि बाप आत दार लावून, हे मला बघवणार नव्हतं.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा, शालनचा विट्याहून फोन आला. तिच्या गावात दोन दिवसांचं नाच-व्यायामाचं शिबिर होतं. कुणीही यावं, काठी टेकत, खुर्चीत बसून, जमेल तसं नाचावं. ह्यांना मी सांगितलं, सुनेसाठी सोनं बघायला जाऊ.

"विट्याचं सोनं विट्यात कुठं? ती माणसं देशभर सोनं गाळत बसल्यात," हे म्हणाले. पण निघाले.

पुढच्या शिबिराला जाणार असाल तर कोरेगावातून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट, पुरुषांना पूर्ण. आमच्यात रहिमतपूर येईपर्यंत तोच विषय चालला होता. गुडघा वाकत नसेल तर दाराजवळची सीट पकडा. उसाची ट्रॉली पुढं लागली की घाई करून उपयोग नाही, ड्रायव्हरही करत नाही. पुसेसावळीत गरम भजी मिळाली. भजी खाताना हे खुशीत होते, तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं.

विट्यात मंगल कार्यालयाच्या दारावर फलक होता: 'सावधान नृत्य'. हे जागीच थांबले.

"व्हय गं, हे सोन्याचं दुकान?"

"आवं, चला तर आत."

"आन सावधान कशापायी? नाच काय चावतोय?"

शिकवणारी प्रियांका मूळची विट्याची, पण बापाचं सोनं गाळायचं दुकान तामिळनाडूत. त्यामुळं पोरगी आणि तिची मराठी, दोन्ही तिकडंच वाढलेली. मन लावून, श्वासाकडं लक्ष ठेवून नाचायचं, याला तिनं 'सावधान' हा शब्द शोधला होता. आता आमच्या भागात घरटी एक फौजी! फलक वाचून परेड असेल म्हणून बरेच माजी सैनिक आले होते.

गाणं सुरू झालं. प्रियांका गोड आवाजात म्हणाली, "डोळे मिटा... श्वास घ्या... आणि आता सगळे सावधान!"

खाड! छात्या पुढं, हनुवट्या वर, मुठी मांडीला. ह्यांची काठी खाली पडली आणि डावा पाय ओढत का होईना, उजव्याशेजारी येऊन टेकला. गाणं वाजतंय, बायका नाचतायत आणि फौजी मंडळी हूं नाही की चूं नाही.

"अंकल, हला ना!" प्रियांका म्हणाली.

"हुकूम न्हाई," आमचे हे.

शबानाभाभी विट्यात शिवणकाम करतात. चाकाच्या खुर्चीत बसून त्या खांदे उडवत मस्त नाचत होत्या. "मामा, संचारबंदी लागली काय?" त्या ओरडल्या.

प्रियांका रडकुंडीला आली. "मग मी काय म्हणू?"

"विश्राम म्हण, पोरी. मग बघ," मी म्हणाले.

ती म्हणाली आणि सगळे खांदे एकदम सैल पडले. मग काय विचारता! ह्यांनी उजवा पाय आणि दोन्ही हात नाचवले. डावा पाय रुसलेल्या जावयासारखा मागनं येत होता. पण येत होता! मला तर हसावं का रडावं कळेना.

रात्री शालनकडं राहिलो, तर दुसऱ्या दिवशी माझ्याआधी हेच आंघोळ करून तयार. फी म्हणाल तर दाराशी डबा आहे, मनाला येईल ते टाकायचं. घाम पुसायला पंचा मात्र न्या. निघताना शबानाभाभी म्हणाल्या, "वरातीला बोलवा, खुर्चीसकट येते."

परतीच्या गाडीत मी हळूच विचारलं, "मग नाचणार न्हवं वरातीत?"

"तिथं सगळे माझ्यासारखेच होते. गावात न्हाई," हे म्हणाले. मी तोंड फिरवून ऊस बघत बसले. डोळे भरून आले होते. सोनं शेवटी कोरेगावातच घेतलं.

लग्नात भटजींनी 'शुभमंगल सावधान' म्हटलं आणि खाड! आमचे हे ताठ. भटजी दचकले, मांडव हसला. संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं वरात आली, हलगी कडाडली. शबानाभाभी खुर्चीसकट पोरांच्या घोळक्यात शिरल्या. लेक घोड्यावरनं बापाकडं बघत होता आणि बाप देवळाच्या भिंतीला लागून तसाच ताठ उभा.

चारचौघांत मी ह्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी पदर खोचला आणि ओरडले, "सुभेदार, विश्राम!"

हलगी थांबली. हे माझ्याकडं बघत राहिले. मग खांदे सैल झाले, काठी माझ्या हातात आली. "वाजव रं," हलगीवाल्याला म्हणाले.

बऱ्याच वेळानं, घामानं भिजलेला सदरा बघून मीच घाबरले. "आवं, दमला असाल. बसा की आता."

"थांबायचा हुकूम दिलायस का?"

मी काही दिला नाही.