साडूंची बक्षिसी

स्वतःच्या खिशातले चाळीस रुपये घालवून समोरच्याच्या हाती चहापुरतेही पैसे पडू न देण्याची करामत अख्ख्या कोल्हापुरात फक्त माझ्या साडूंना साधली होती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मार्केट यार्डात गुळाची अडत, माणूस सढळ हाताचा, पण बक्षिसी द्यायची ती बंद पडलेल्या नाण्यांतच, हा नेम. कमळाचे वीस पैसे, षटकोनी तीन पैसे, भोकाचा पैसा. फारच खूश झाले तर एक रुपयाची कोरी नोट. हा माल ते जुन्या बाजारातून विकत आणत. भोकाचा पैसा चाळीसला एक! मिसळ खाऊन उठताना तो वेटरच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचं, "चालवायचा न्हाय हं, जपायचा. चालणारं काय, कुणीबी देतंय." मग त्या नाण्याची कुळकथा सुरू. पलीकडे गिऱ्हाईक रश्श्यासाठी ओरडतंय, गल्ल्यावरून मालक डोळे वटारतोय, आणि वेटर बिचारा मूठ मिटून उभा. साडू बाहेर पडले की मी मागे राहून दोन रुपये ठेवायचो. नृसिंहवाडीच्या नाववाल्याने तर भोकाचा पैसा कपाळाला लावून सरळ कृष्णेत टाकला. त्याला वाटलं, देवाचाच आहे. "अरं माझ्या राजा, चाळीस रुपयं बुडवलंस की!" साडू काठावर उभे राहून ओरडत होते. मी हसलो नाही. असल्या माणसाचं हसू येण्याचे माझे दिवस तेव्हाच संपले होते.

पुढे दोन हजार पाचच्या सुमाराला आम्ही दोन्ही जोडपी सिंगापूरच्या सहलीला गेलो. तीत तीन रात्री जहाजावर होत्या. आमच्या दोन्ही खोल्या आवरणारा माणूस वेंगुर्ल्याचा निघाला. मराठी ऐकून तो मोकळा झाला. त्याच्याकडे अठरा खोल्या, नऊ महिन्यांचं कंत्राट, पगार बेताचा. घरी जायचे ते बक्षिसीचे पैसे. पुढच्या महिन्यात मुलीची कॉलेजची फी भरायची होती. हे सगळं त्याने साडूंनाही सांगितलं होतं, म्हणून माझा राग जास्त. सहलीच्या माणसाने बजावलं होतं, शेवटच्या सकाळी माणशी दहा डॉलर द्यायचे. मी आमचे वीस दिले. शेजारच्या दारात साडूंनी त्याच्या तळहातावर चार भोकाचे पैसे मांडले आणि कुळकथा सुरू केली.

माझा तोल सुटला. बोळातली माणसं थांबली इतक्या मोठ्याने मी म्हणालो, "पावणं, लाज वाटू द्या की जरा! पोरीची फी काय भोकातनं भरायची त्यानं?"

"एकशेसाठ रुपयांचा माल हाय ह्यो!" साडूही चढले. "डॉलर काय, समदीच देत्यात. ह्ये कोण देणार त्याला? आयुष्यभर नाव काढंल माझं."

तो माणूस मात्र चिडला नाही. त्याने नाणी पुसली, एकेक करून साडूंच्या हातात परत ठेवली. "साहेब, वस्तू चांगली आहे. पण जपायला कपाट लागतं. माझं सगळं एका बॅगेत असतं, तीही बंकखाली."

साडूंनी नाणी खिशात टाकली. मग पाकीट काढून त्यांनी वीस डॉलर दिले. तो "थँक्यू साहेब" म्हणाला आणि चादरींची गाडी ढकलत पुढच्या खोलीकडे गेला. साडू त्या गाडीमागे दोन पावलं गेले आणि परत फिरले.

मी बरोबर होतो. आजही म्हणेन, शंभर टक्के बरोबर होतो. त्यानंतर साडूंनी कुणालाही बंद नाणं दिलं नाही. पाचाची, दहाची नोट बशीत ठेवतात. वेटर न बघता उचलतो, फडकं मारतो, वळतो. पूर्वी हाच वेटर यांना लांबून बघून दुसऱ्याला कोपर मारायचा, "आलं बघ नाणीवालं मामा," आणि शिव्या घालत का होईना, यांच्याच टेबलाकडे यायचा. परवा मीच जुन्या बाजारातून एक नाणं आणलं. किती दिले ते घरी सांगितलेलं नाही. मिसळ येईपर्यंत साडूंपुढे ठेवलं आणि विचारलं, "हे कुठलं हो, पावणं?"

त्यांनी चष्मा वर केला, नाणं उलटसुलट केलं, अलगद माझ्याकडे सरकवलं.

"आसंल कुठलंतरी," म्हणाले. "रस्सा मागवा."