दगडूबा मिस्त्रींचा पाव फेरा

दगडूबा मिस्त्रींच्या गॅरेजातून पहिल्या खेपेला आमच्या घरी बिल आलं ते असं: चार नवे प्लग आणि एक एअर फिल्टर, मिळून साडेसातशे रुपये, शिवाय जुने चारही प्लग कागदात बांधून परत. मजुरीपुढं काहीच लिहिलेलं नव्हतं. पाव फेऱ्याचे पैसे कशाचे, म्हणाले. तिथून ओळख झाली.

ह्यांनी तेव्हा जुनी इंजेक्शनवाली गाडी घेतली होती. काळा धूर निघायचा, पेट्रोलच्या वासानं सासूबाईंना घेरी यायची. गुडघ्यांमुळं त्यांना बस चढवत नव्हती, आणि रामनवमीला समर्थांच्या जन्मगावी, जांब समर्थला जायचं तर त्यांनी मनात धरलेलं. मस्तगडच्या गॅरेजात मिस्त्रींनी आधी इंजिन बराबर तापू दिलं. मग पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा फिरवला आणि कान देऊन उभे राहिले. पुन्हा पाव. प्लगचा रंग शेंगदाण्याच्या टरफलासारखा आला पाहिजे, असं ते सांगत.

माझा स्वभाव काटकसरीचा. पेट्रोल आणखी कमी करा, म्हणाले मी.

"वहिनी, भाकरीचं पीठ मळताना पाणी किती घालता?"

"पीठ मागंल तेवढं."

"मंग इंजिनालाबी मागंल तेवढंच द्यावं."

मला काही पटलं नाही. घरी ह्यांच्या मागं लागून तो स्क्रू मी आणखी एक फेरा फिरवून घेतला.

रामनवमीला अंबडच्या अलीकडं गाडी वेग कमी केला की बंद पडू लागली. शेवटी सुरूच होईना. ह्यांनी फोन केला. मिस्त्री भर उन्हात दुचाकीवर आले. आधी सासूबाईंना लिंबाखाली बसवलं, पाणी दिलं, मग प्लग काढला. पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. कुणी बिघडवली, असं सासूबाईंनी विचारलं.

"कुणी न्हाई, आई. जुनी गाडी हाय, रुसती मधूनच."

स्क्रू जागेवर आणून ते जांबच्या वेशीपर्यंत आमच्या मागं मागं आले. सासूबाईंना जांबचं दर्शन घडलं ते शेवटचं.

खरं काय ते सासूबाईंना सांगायचं राहूनच गेलं, म्हणून मिस्त्रींच्या पंचाहत्तरीच्या या गौरव अंकात लिहिते. आता नव्या गाड्यांना तसला स्क्रूच नसतो म्हणतात. आमचा मात्र मिस्त्रींनी ठेवला तिथंच आहे.

पंचाहत्तरी गाठलेल्या मिस्त्रींचे कान असेच तिखट राहोत, हातपाय धड राहोत, समर्थांच्या कृपेनं ते शंभरी पाहोत. येत्या रामनवमीला ते आमच्या गाडीतून जांबला येतील का, तेवढं गौरव समितीनं त्यांना विचारून उलट टपाली कळवावं. पुढची, सासूबाईंची जागा त्यांच्यासाठी ठेवली आहे.