तंबूपुरती जागा

तुमच्या शहरात एक रात्र जमिनीला पाठ टेकता येईल, अशी तंबूपुरती जागा तुम्हाला माहीत आहे का? कुणाला भाडं न देता, कुणाची भिंत न ओलांडता आणि कुणाला भीती न घालता?

घाईने हो म्हणू नका. मी म्हटलं होतं.

सदाशिव पेठेत पत्रकांच्या घरात मी वाढले. आमच्या जेवणाच्या टेबलावर आधी पत्रकांच्या घड्या पडायच्या, मग ताटं. आई मजकूर लिहायची, बाबा कागद आणायचे, आणि मी ‘नागरिकहो’ या शब्दापासून वाचायला शिकले. वर्गातल्या मुली बडबडगीतं म्हणायच्या तेव्हा मला ‘जाब विचारलाच पाहिजे’ पाठ होतं. त्यामुळे मोटरसायकलवरून लांब फिरायला जायचं ठरलं तेव्हा मी त्याचाही जाहीरनामा केला. डांबरी रस्ता शक्यतो नाही. लॉज नाही. शेताच्या बांधावर दिव्यांच्या माळा लावून तंबू भाड्याने देतात, तिथे तर मुळीच नाही. झोपायचं ते गायरानात. गायरान म्हणजे गुरं चरायला राखलेली गावाची जमीन. ती कुणा एकाची नसते, म्हणजे सगळ्यांची असते, म्हणजे आपलीही.

“झालं पत्रक?” मैत्रीण म्हणाली. “मग आता जरा ही चेन धर.”

ही मैत्रीण कसबा पेठेतली. घरी पिढ्यान्‌पिढ्या तांब्याची भांडी ठोकायचा धंदा. ती सांगते की तिला झोप यायला शांतता लागत नाही, शांतता झाली की जाग येते. आमच्या दोन्ही गाड्या जुन्या, उंच, चिखलमातीत चालणाऱ्या. सामान बांधायचे लोखंडी सांगाडे तिनेच जोडले, ताडपत्रीच्या पिशव्या तिच्या गल्लीतल्या शिवणाऱ्याकडून करून घेतल्या. मंडईतून मी कांदे, लसूण, सुक्या मिरच्या आणि शेंगदाणे आणले. थंडी सुरू झाली तशा आम्ही निघालो. बालाघाटच्या रांगा, मग गोदावरीच्या कडेकडेने वर, अजिंठ्याचे डोंगर, आणि नगरच्या पठारावरून परत.

गाडी चालवण्यापेक्षा जागा शोधण्यातच दिवसाचं अर्धं डोकं जायचं. सूर्य क्षितिजापासून दोन हात वर राहिला की आम्ही शोधायला लागायचो. नदीचं पात्र दिसायला फार देखणं, पण वरच्या धरणातून पाणी कधी सोडतील ते नदीलाही माहीत नसतं. काळ्या मातीत तंबू छान उभा राहतो आणि सकाळी दव पडलं की बुटाला शेरभर चिखल लागतो. मुरूम चांगला, पण त्यात खुंटी शिरत नाही. बाभळीखाली सावली आणि पंक्चर दोन्ही मिळतं. पाणी जवळ हवं, पण पाणवठ्याची वाट अडता कामा नये. यातलं बरंचसं चुकूनच शिकलो. एकदा मुंग्यांच्या वारुळाशेजारी झोपलो, तर मैत्रिणीने सकाळी विचारलं, “ही पण सार्वजनिकच ना?”

गावात शिरलं की मी हेल्मेट काढून पहिल्या भेटेल त्याला विचारायचे, “गायरान कुठे आहे?” दूरच्या गावांत या प्रश्नाला लोक हसायचे. “गायरानात कशाला मरता, शाळेच्या ओट्यावर झोपा की,” असं म्हणायचे आणि कुणीतरी हुरडा घेऊन यायचं. एका म्हाताऱ्या बाबांनी तर गायरान दाखवलं, आम्ही तंबू ठोकेपर्यंत मन लावून पाहिलं, आणि मग विचारलं, “घरी भांडण झालंय का?” फार सुखाचे दिवस होते ते. अंगाला धुराचा वास, हातांवर माती, डोक्यात पुढच्या मुक्कामाशिवाय काही नाही. माझं तत्त्व रोज संध्याकाळी खरं ठरत होतं, आणि तत्त्व खरं ठरण्यासारखी नशा दुसरी नाही.

पुणं जवळ यायला लागलं तशी उत्तरं बदलली. त्याच प्रश्नावर एका ठिकाणी एकाने आम्हाला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाला, “पार्टी कोण हाय?” पुढच्या गावात दुसऱ्याने चहा पाजला आणि आपल्या चुलत्याच्या तुकड्याला रस्ता कसा लागून आहे ते समजावलं. मी त्याला जमिनीच्या दलालीवर चार शब्द सुनावले. मैत्रीण चहा संपवत होती. “दुसरा कप मागून घेतला असता,” ती नंतर म्हणाली, “तू जरा उशिरा पेटली असतीस तर.”

शेवटच्या दिवशी, ऊन उतरताना, आम्ही शहराच्या हद्दीत आलो. हद्द म्हणजे नुकतंच शहरात घेतलेलं एक गाव. एका बाजूला कांद्याचा वाफा, दुसऱ्या बाजूला अर्धवट उभी बारा मजली इमारत, मध्ये उतरती मोकळी जमीन आणि तिच्या कडेला पत्र्याची दहाबारा घरं.

“तासाभरात घरी पोचू,” मैत्रीण म्हणाली. “गरम पाणी. गादी.”

“सगळ्या महाराष्ट्राने जागा दिली आणि स्वतःच्या शहरात मागायला लाजायचं? शेवटची रात्र इथेच.”

“तू आणि तुझे नागरिकहो,” ती म्हणाली, आणि गाडी स्टँडवर घेतली.

मी एका टपरीवर नेहमीचा प्रश्न विचारला. टपरीवाल्याने त्या उतरत्या जमिनीकडे मान उडवली. मग आम्ही रोज करायचो तेच केलं. मैत्रिणीने सपाट भाग पाहून पावलांनी लांबी-रुंदी मोजली. मी तंबूची दोरी ताणून एक टोक धरलं. तिने दुसऱ्या टोकाला खुंटी ठोकली. आमच्या खुंट्यांना लाल चिंधी बांधलेली असायची, अंधारात पाय अडकू नये म्हणून. चौथी खुंटी ठोकून झाली आणि मी मागे वळले तर पहिल्या तीन गायब.

एक बाई त्या उपटून हातात धरून उभी होती. साठीच्या आसपासची, नऊवारी खोचलेली, श्वास चढलेला.

“मोजा,” ती म्हणाली. “मोजा की आता. कशानं मोजता ते बगते.”

“मावशी, आम्ही फक्त...”

“मागल्या खेपंला बी फक्तच आलंते. दोघं. अश्याच फटफट्या. टपरीवर इच्यारलं, गायरान कुटं हाय. पावलं टाकली, दोरी धरली, लाल चिंद्या लावल्या. आन् म्होरल्या म्हैन्यात सांगत्यात, तुमच्या घरावर बाग पडली!”

मी दोरी हातात धरून उभी होते. तिच्या जागी मी असते तर मीही खुंट्या उपटल्या असत्या. फक्त वर एक पत्रकही काढलं असतं.

“हेल्मेट काढ,” मैत्रीण मला हळूच म्हणाली. दोघींनी काढली. बाईने पाहिलं.

“अगं बया, पोरी हायत!” मग लगेच, “पोरी बी मोजणीला येत्यात हल्ली.”

“मोजणी नाही. झोपायला आलोय,” मैत्रीण म्हणाली.

“झोपायला? घर न्हाय?”

“आहे. कसब्यात.”

“कसब्यात घर आसून हितं झोपायला आल्या.” बाईने हे वाक्य चव घेऊन म्हटलं, जसं काही आणखी एकदा म्हटलं तर खरं वाटेल. मग तिने निकाल दिला. “बरं. झोपायलाच आला आसाल तर माझ्या दारात झोपा. हितं, बाजंच्या म्होरं. म्या बगते कशा झोपता ते.”

अशा रीतीने आयुष्यात पहिल्यांदा मी पहाऱ्यात तंबू ठोकला. खुंट्या तिने एक-एक करून परत दिल्या, चिंध्या सोडून घेऊन. आमचा स्टोव्ह पेटतो कसा, तंबूच्या आत काय आहे, पिशवीत कागद आहेत का, सगळं तिने पाहिलं. पिशवीतून शेंगदाणे निघाले. त्यावर ती जरा मऊ झाली. भाकरी टाकताना तिने विचारपूस केली. ती या जमिनीवर लग्न होऊन आली. नवऱ्याच्या घरी शेत नव्हतंच, दुसऱ्याच्या वाफ्यात दोघं राबायची. तेव्हा गावाने सांगितलं, गायरानाच्या कडेला घर बांधा. त्यांनी बांधलं. नवरा गेला, मुलगी सासरी गेली, गाव शहरात गेलं. आता शहराच्या आराखड्यात या जागेवर बागेचं आरक्षण होतं आणि त्यावर घेतलेल्या हरकतींची सुनावणी पुढच्या आठवड्यात होती. घर गेलं तर मुलीच्या दारात जाऊन राहायचं, हे तिला सगळ्यात जास्त टोचत होतं. “लेकीच्या घरी पाव्हणी म्हनून जावं,” ती म्हणाली. “सामान घिऊन न्हाय.”

माझ्या आईने बागांसाठी कितीतरी पत्रकं लिहिली होती आणि मी ती घडी घालून पेठेत वाटली होती. बाग वाईट असते असं मला अजूनही वाटत नाही. पण बागेत रात्री कुणाला झोपू देत नाहीत, आणि इथे मला हक्काने झोपायला बाजेसमोरची जागा मिळाली होती. सगळ्यांची जमीन म्हणून मी जिथे खुंटी ठोकायला निघाले होते, तिथे कुणाची तरी चूल होती. माझ्या वाक्यातले ‘सगळे’ इथे आधीपासून राहत होते, एवढं मी धरलं नव्हतं.

सकाळी उठले तेव्हा ठणठण आवाज येत होता. मैत्रीण ओट्यावर बसून मावशींचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब मांडीवर घेऊन त्याचा पोचा काढत होती. आतून लाकडाचा ठोकळा, बाहेरून आमचाच खुंट्यांचा हातोडा, फडकं गुंडाळून. मावशी बाजूला उकिडव्या बसून पाहत होत्या.

“हिला येतंय कायतरी,” त्या मला म्हणाल्या. “तुला काय येतं?”

“तिला बोलता येतं,” मैत्रीण मान वर न करता म्हणाली.

“मावशी, मी येते ना सुनावणीला,” मी म्हटलं. “मी बोलते तुमच्या वतीने. गायरानाचा इतिहास, घराचा हक्क, सगळं मांडते. आज रात्री लिहून काढते.”

मावशींनी बंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बोलू नगं,” त्या म्हणाल्या. “बोलनार म्या. घर माजं हाय. तू नुसती माज्या मागं बस. एकली बाई गेली की सायेब घड्याळाकडं बगतो. मागं मानूस दिसलं पायजे.”

मैत्रिणीचा हातोडा थांबला. “मावशी,” ती म्हणाली, “तुम्ही हिला फार अवघड काम सांगितलंत.”

सुनावणीच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. मी आई-बाबांनाही नेलं. लांब खोली, पुढे टेबल, मागे खुर्च्या. एकेक माणूस आत जायचा, दोन वाक्यं बोलायचा, ‘नोंद घेतली’ असं ऐकून बाहेर यायचा. मावशींचं नाव पुकारलं तेव्हा आम्ही त्यांच्या मागे रांगेत बसलो. वस्तीतल्या आणखी काही बायका आल्या, त्याही बसल्या. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“हे सगळे कोण?”

“ह्या दोघी माज्या दारात झोपल्याल्या,” मावशी म्हणाल्या. “ह्ये हिचं आई-बाप. बाकीच्या शेजारी.”

खोलीत कुणीतरी हसलं. अधिकारीही हसले, आणि हसल्यावर त्यांना विचारावंच लागलं की दारात म्हणजे नक्की कुठे. मग मावशी बोलल्या. घर कधीचं, कुणी जागा दाखवली, पाणी कुठून येतं, उताराच्या खालच्या भागात कुणीच राहत नाही तर बाग तिकडे का होत नाही. साधं, तुटक, मध्येच पदर सावरत. माझ्या तोंडात चार वेळा वाक्य आलं आणि चारही वेळा आईने माझा हात दाबला. तिलाही बोलायचं होतं, हे मला तिच्या पकडीवरून कळत होतं. शेवटी अधिकाऱ्यांनी ‘नोंद घेतली’ म्हटलं नाही. जागा प्रत्यक्ष पाहू, मग ठरवू, असं म्हणाले.

ते आले, त्यांनी पाहिलं. नव्या नकाशात बाग उताराच्या खालच्या अंगाला सरकली आहे. घरं उभी आहेत. मावशी मुलीकडे दिवाळीला पाहुण्या म्हणून जाऊन आल्या आणि चार दिवसांत कंटाळून परत आल्या, हे त्यांनी मला फार समाधानाने सांगितलं.

जिंकायला मी काहीच केलं नव्हतं, नुसती बसले होते. तरी इतकं बरं मला कुठल्याच सभेनंतर वाटलं नव्हतं.

म्हणून नागरिकहो, तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते या आठवड्यातच करा. आपल्या भागातल्या पालिकेच्या कचेरीत जा आणि बाहेर लावलेल्या फलकावर पुढची सुनावणी कधी आहे ते पाहा. त्या दिवशी अर्धी सुट्टी टाका. तिथे एकट्या आलेल्या एखाद्या बाईला किंवा माणसाला विचारा, “मी तुमच्या मागे बसू का?” त्यांनी हो म्हटलं तर बसा. बोलू नका.